समग्र विचार

आमच्या पिढीत 'प्रवेश' ही जून महिन्यातली गोष्ट होती. बारावीचा निकाल लागे, गुणपत्रिका हाती येई आणि मग ओल्या छत्र्या झटकीत मुले-पालक महाविद्यालयाच्या फलकासमोर दाटी करीत. टंकलिखित यादीत आपले नाव असे किंवा नसे. यादी कितीवर 'बंद' झाली तो आकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला पाठ होई. आमच्यापैकी एकाचे नाव पुण्यातल्या पहिल्या यादीतून अर्ध्या टक्क्याने हुकले होते. त्या रात्री साताऱ्याच्या घरात कोणी धड जेवले नाही. ते दुःख खरेच होते, पण त्याचा पत्ता ठाऊक होता : भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरातले एक गणित. आमच्या स्वभावाविषयी, जिज्ञासेविषयी किंवा आमच्यापासून समाजाला होऊ शकणाऱ्या लाभाविषयी महाविद्यालयाने अवाक्षर काढले नव्हते.

गेल्या डिसेंबरात आमच्या मुलीला तिच्या पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयाकडून उत्तर आले. ते होकाराचे नव्हते आणि नकाराचेही नव्हते. तुमच्या अर्जाचा आम्ही समग्र विचार केला, तो आम्हाला प्रभावी वाटला, आणि आता तो नियमित फेरीतल्या अर्जांबरोबर पुन्हा वाचायचे ठरवले आहे, असा त्याचा सारांश. इकडच्या परिभाषेत याला 'डिफर' होणे म्हणतात. तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीतल्या घरात जे काही चालले आहे त्याला काळजी म्हणावे की अंकगणित, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. महाविद्यालयाचे नाव येथे लिहीत नाही. मुलीची तशी ताकीद आहे. ते पूर्व किनाऱ्यावरच्या त्या लहान, जुन्या, दगडी इमारतींच्या निवासी महाविद्यालयांपैकी एक आहे, ज्यांना 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणतात, एवढे पुरे.

या शब्दाने आम्हाला बराच त्रास दिला. 'उदार कला' म्हटले तर दानधर्माचा वास येतो, 'उदारमतवादी कला' म्हटले तर एखाद्या पक्षाचा जाहीरनामा वाटतो, आणि 'कला शाखा' म्हटले तर साताऱ्याच्या घरी "आर्ट्सला गेली का?" एवढा एकच प्रश्न उरतो, तोही दबक्या आवाजात. मूळ लॅटिन शब्दातला 'लिबर' म्हणजे स्वतंत्र माणूस, जो गुलाम नाही असा. स्वतंत्र नागरिकाला शोभतील अशा सात विद्या मध्ययुगीन युरोपाने ठरवल्या होत्या : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. यात गणित आहे, खगोल आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'सायन्स साइड' म्हणतात तीही यातच. पोट भरण्याची एकही विद्या मात्र नाही, आणि ती नसणे हाच त्या यादीचा हेतू होता. त्या काळी पोटाची सोय गुलामांनी किंवा वडिलोपार्जित जमिनीने केलेली असे. आमच्याकडे दोन्ही नाही.

विल्यम्स १७९३ चे, अॅम्हर्स्ट १८२१ चे, स्वार्थमोर १८६४ चे. आपल्याकडचे फर्गसन १८८५ चे, हे ध्यानात घेतले म्हणजे वयाचा अंदाज येतो. अॅम्हर्स्टमध्ये आजही दोन हजारांहून कमी विद्यार्थी शिकतात. स्वार्थमोरमध्ये त्याहून थोडे. प्राध्यापक पदवीपूर्व मुलांनाच शिकवतात, वर्गात दहा-पंधरा जण असतात. स्वार्थमोरने १९२२ साली ऑक्सफर्डच्या धर्तीवर 'ऑनर्स'चा एक अभ्यासक्रम काढला, तो आजही चालतो : शेवटच्या दोन वर्षांत लहान लहान चर्चासत्रे, आणि अखेरीस बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले परीक्षक लेखी व तोंडी परीक्षा घेतात. बाहेरून येणारा परीक्षक आपल्यालाही परका नाही, तो सायन्सच्या प्रात्यक्षिकाला यायचा आणि त्याच्यासाठी चहा-बिस्किटे मागवली जायची; परंतु आपल्या विद्यार्थिनीशी तो तासभर तिच्याच विषयावर बोलेल, ही कल्पना आम्हाला मोहात पाडणारी होती. आमची मुलगी ग्रीक भाषा आणि भूगर्भशास्त्र असे दोन विषय एकदम घेऊ इच्छिते. का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन्हीत खालचे थर वाचायचे असतात, बाबा." हे उत्तर तिने अर्जात लिहिले असावे अशी आमची अटकळ होती; तिने लिहिले नाही. आम्ही लिहिले असते.

आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत या महाविद्यालयांची कीर्ती फारशी पोहोचलेली नाही. गणपतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, एका स्नेह्यांनी मुलीच्या यादीतले एक नाव ऐकून विचारले, "स्वार्थमोर? म्हणजे स्वार्थ आधीच होता, आता मोअर?" हसू सगळ्यांनाच आले. दुसऱ्या वहिनींनी काळजीने विचारले, "कम्युनिटी कॉलेज आहे का ते? तिचे मार्क तर चांगले होते ना?" नाव निघताच समोरच्याच्या डोळ्यांत काहीही हलत नाही, अशा ठिकाणी प्रवेश मिळावा म्हणून रात्र रात्र जागायचे, यात एक गंमत आहे खरी. हार्वर्डचे स्वप्न निदान सर्वांना समजते. ते भंगले तर सांत्वनाला माणसे तरी येतात.

आता अंकगणिताकडे येतो. अलीकडच्या वर्षांत या प्रकारच्या सर्वांत नामांकित महाविद्यालयांत शंभर अर्जदारांपैकी साधारण सात ते दहा जणांना होकार मिळतो. एका वर्षाच्या वर्गात जागा चारशे ते साडेपाचशे. आमच्यापैकी एकाने (जो अभियंता आहे, खरे तर दोघेही आहोत, पण एक जास्त आहे) पहिल्याच आठवड्यात एक तक्ता तयार केला. दहा महाविद्यालयांत अर्ज करावा, प्रत्येक ठिकाणी शक्यता शंभरात आठ धरावी, तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता शंभरात त्रेचाळीस आणि कुठेतरी एका ठिकाणी लागण्याची शंभरात सत्तावन्न. हा आकडा पाहून त्या रात्री आम्ही दोघे शांत झोपलो. सकाळी दुसऱ्याने विचारले, "पण हे दहा फासे वेगळे आहेत का?" ते वेगळे नव्हते. तोच निबंध, तीच शिफारसपत्रे, अकरावीतल्या रसायनशास्त्राला पडलेला तोच एक 'बी'. जे एका ठिकाणी डोळ्यांत खुपेल ते दहा ठिकाणी खुपेल. दहा वेळा फासा टाकण्यापेक्षा एकच फासा दहा जणांना दाखवण्याच्या हे जास्त जवळचे होते.

शिवाय शंभरात आठ ही सरासरी आहे, आणि सरासरी माणूस अर्ज करीत नसतो. विल्यम्स, अॅम्हर्स्ट यांसारख्या ठिकाणी वर्गातला साधारण तिसरा हिस्सा महाविद्यालयाच्या क्रीडासंघांतून खेळतो. प्रशिक्षकांनी हेरून ठेवलेली मुले अर्ज करतात तेव्हा त्यांची रांग आपल्या रांगेहून निराळी असते. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप असते; अॅम्हर्स्टने ते २०२१ मध्ये बंद केले. आणि अनेक महाविद्यालये वर्गाच्या निम्म्याच्या आसपास जागा नोव्हेंबरच्या 'अर्ली डिसिजन' फेरीतच भरतात. या फेरीत एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि होकार आला तर जाणे बंधनकारक असते, बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. एकनिष्ठेची ही अट पाहून आम्हाला स्थळे पाहण्याच्या दिवसांची आठवण झाली : मुलाकडच्यांनी दहा पाहाव्यात, मुलीकडच्यांनी एकाच ठिकाणी शब्द द्यावा. आमच्या मुलीने शब्द दिला. समोरून उत्तर आले की पत्रिका जुळते असे वाटते, पण अजून काही स्थळे पाहायची आहेत. एक बरे की डिफर झाल्यावर आपणही त्या शब्दातून मोकळे होतो.

शाळेने 'नॅव्हिअन्स' नावाची एक सोय दिली होती. त्यावर आपल्याच शाळेतले मागच्या वर्षांचे विद्यार्थी निनावी खुणा होऊन आलेखावर बसलेले दिसतात : एका अक्षावर सॅटचे गुण, दुसऱ्यावर शाळेतल्या श्रेणींची सरासरी, प्रवेश मिळाला तर हिरवी खूण, नाकारला तर तांबडी फुली. मोठ्या विद्यापीठांच्या आलेखांवर खुणांचे थवे असतात. आमच्या महाविद्यालयाच्या आलेखावर एकूण सहा खुणा होत्या. पाच फुल्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, उत्तम गुणांच्या मुलांच्या. आणि एकच हिरवी खूण, त्या सर्वांच्या खाली, डावीकडे. त्या एका खुणेने आमचे कित्येक रविवार खाल्ले. कोण असेल ते मूल? नाव वल्हवणारे? बसून वाजवणारे? आई-वडिलांपैकी कोणी तिथलेच? की त्या मुलाने असे काही लिहिले होते की वाचणाऱ्याने आलेख बाजूला ठेवला? आम्हाला अर्थातच शेवटचा तर्क हवा होता, आणि पहिला पटत होता.

मिचेल स्टीव्हन्स या समाजशास्त्रज्ञाने अशाच एका महाविद्यालयाच्या प्रवेशकार्यालयात दीड वर्ष काम करून एक पुस्तक लिहिले; ते २००७ साली प्रसिद्ध झाले. महाविद्यालयाचे नाव त्याने दिले नाही. ते वाचल्यावर ध्यानात येते की तिथे बसलेली माणसे दुष्ट नाहीत आणि आळशी तर मुळीच नाहीत. ती एक वर्ग रचीत असतात. त्यात शुल्क पूर्ण भरू शकणारे किती हवेत, बास्केटबॉलला उंच मुले हवीत, भौतिकशास्त्राला मुली हव्यात, दूरच्या राज्यांतले कोणी हवे. आणि हे सगळे जमवून वर क्रमवारीत घसरणही व्हायला नको. वृंदवादनात त्या वर्षी बासून वाजवणारे कोणी उरले नसेल तर बासूनवाल्याचे भाग्य उघडते. म्हणजे नकार हा मुलाविषयीचा निर्णय नसतोच, बासूनविषयीचा असतो. हे आम्हाला पूर्ण समजते. समजून उपयोग असा होत नाही, कारण पत्रात तसे लिहिलेले नसते; पत्रात 'समग्र' लिहिलेले असते.

हा समग्र शब्द कुठून आला याचाही शोध आम्ही घेतला. काळजीत असलेला माणूस इतिहास वाचतो. जेरोम काराबेल यांनी २००५ साली हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रवेशपद्धतीचा मोठा इतिहास लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्रवेश बव्हंशी परीक्षेवर होत असे, आणि परीक्षेत ज्यू मुले, विशेषतः स्थलांतरितांची, फारच पुढे येऊ लागली. १९२० च्या दशकात मग 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', 'नेतृत्व' यांचा विचार सुरू झाला. अर्जाला छायाचित्र लागू लागले, मुलाखती होऊ लागल्या. यादी बाहेरच्या फलकावरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. त्याच साधनाने पुढे, १९६० नंतर, कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांसाठी दारे उघडली हेही तितकेच खरे. साधन वाईट होते असे एका वाक्यात म्हणता येत नाही. २०१८ मध्ये हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आले की आशियाई वंशाच्या अर्जदारांना 'व्यक्तिगत गुणां'च्या रकान्यात सरासरीने कमी गुण पडत होते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. मात्र वंशाने आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला हे अर्जदाराने निबंधात लिहिले तर ते वाचायला हरकत नाही, असेही निकालात नोंदवले. वंशाचा रकाना त्यानंतर वाचणाऱ्यापासून झाकता येतो. मुलीचे आडनाव झाकता येत नाही.

या सगळ्यातून मराठी मंडळींत सल्ल्यांचे एक शास्त्र तयार झाले आहे. भरतनाट्यम् लिहू नका, सगळेच लिहितात. गणिताची स्पर्धा नको. फार 'इंडियन' दिसू नये; थोडे दिसावे. एका व्यावसायिक सल्लागारांशी आम्ही अर्धा तास फोनवर बोललो, तो अर्धा तास विनामूल्य होता म्हणून. आमच्या मुलीच्या आजीला, म्हणजे साताऱ्याच्या घरी असलेल्या आमच्यापैकी एकाच्या आईला, गेली तीन वर्षे विस्मरणाचा आजार आहे, आणि नात दर रविवारी सकाळी तिच्याशी फोनवर बोलते, हे बोलण्याच्या ओघात निघाले. सल्लागारांचा आवाज उजळला. ते म्हणाले, हे पुढे आणा. अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा असते, प्रत्येकाला दीडशे अक्षरे. त्यात 'कुटुंबातल्या ज्येष्ठांची देखभाल' असे लिहिता येते, आठवड्याला किती तास तेही. मुलगी समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर ती मराठीत म्हणाली, जे ती चिडल्याशिवाय बोलत नाही, "आजी माझी अॅक्टिव्हिटी नाहीये."

त्यानंतर निबंधाविषयी आमच्या घरात बोलणे बंद झाले. साडेसहाशे शब्दांचा तो निबंध तिने इंग्रजीच्या बाईंना दाखवला, शाळेच्या समुपदेशकांना दाखवला. आम्हाला मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, चौदा नोव्हेंबरला, छापून टेबलावर ठेवला आणि ती फिरायला निघून गेली. आम्हाला वाटले होते दगडांविषयी असेल, निदान ग्रीकविषयी. तो 'आम्ही' आणि 'आपण' यांच्याविषयी होता. इंग्रजीत 'वुई' एकच आहे. मराठीत दोन आहेत, एकात ऐकणारा धरलेला असतो आणि एकात तो वगळलेला असतो. तिने लिहिले होते की तिचे आई-बाबा न्यू जर्सीविषयी बोलताना 'आपण' म्हणतात : आपल्याला बर्फ काढायचे आहे, आपल्याला कर भरायचा आहे. पण चांगली गोष्ट सांगायची झाली, आंब्यांची, वाड्याची, कृष्णेच्या घाटाची, की वाक्य 'आम्ही'ने सुरू होते. तिला मराठी जेवढे कळते तेवढ्यावरून ती दर वेळी त्या शब्दापाशी बाहेर थांबते. आणि आजी, जिला आता नातीचे नाव आठवत नाही, ती तिला फोनवर विचारते, "आपण कधी जायचं गं घाटावर?" शेवटच्या परिच्छेदात एवढेच होते. आजार हा शब्द कुठे नव्हता.

आमच्यापैकी एक उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ भांडी लावीत राहिला. दुसऱ्याने लगेच विचार केला तो असा : हे प्रवेशकार्यालयातल्या, दिवसाला कित्येक अर्ज वाचणाऱ्या तरुण माणसाला समजेल का? आजही तो विचार जात नाही. आपल्या घरातला जो उंबरा आपल्याला सतरा वर्षे दिसला नाही तो मुलीने दाखवला, आणि आपण तो कितव्या टक्क्यात बसेल हे मोजतो आहोत, ही या दिवसांतली खरी अवस्था. डिसेंबरात उत्तर आले तेव्हा आम्हाला राग आला तो याच कारणाने असावा. रसायनातल्या 'बी'मुळे थांबवले असते तर ते साताऱ्याच्या रात्रीसारखे असते. इथे साऱ्याच्या सारे वाचून, घाटापर्यंत येऊन, पुन्हा पाहू म्हणाले.

मुलगी मात्र दोन दिवस खोलीत राहून तिसऱ्या दिवशी उरलेल्या आठ अर्जांना लागली. नियमित फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघे साताऱ्याला जाणार होतो. ती तिकिटे आम्ही जूनमधली करून घेतली.

याच सुमारास आम्ही आनंदीबाई जोशी यांचे पत्र पुन्हा वाचले. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला आनंदीबाई तशा शेजारच्याच : ज्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत बसले असताना एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि पुढे आनंदीबाईंना घर दिले, त्या रोझेलच्या, आमच्यापासून मोटारीने अर्ध्या तासावर. जून १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला आनंदीबाईंनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा, म्हणजे आमच्या मुलीएवढेच. आपले शिक्षण किती झाले, कोणत्या भाषा येतात, हे त्या सांगतात; प्रवेशाच्या सगळ्याच अटी आपल्याकडून पुऱ्या होतील की नाही ही शंका लपवीत नाहीत; आणि आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री-वैद्याची किती गरज आहे ते मांडतात. त्याही पत्राचा समग्रच विचार झाला असला पाहिजे, कारण गुणपत्रिका अशी त्यात नव्हतीच. अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ ला त्या पदवीधर झाल्या, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे वर्षही पुरते सरले नाही. पण ते दुःख इथे नको. आमचे लक्ष त्या पत्राच्या सुरावर खिळले. त्यात अर्जदाराला स्वतःची जाहिरात करावी लागलेली नाही. काम काय करायचे आहे ते ठाऊक होते, म्हणून सांगितले. सतरा-अठराच्या मुलांना आपले काम अजून ठाऊक नाही हेच ज्या शिक्षणाचे मर्म, त्या शिक्षणाच्या दाराशी मात्र त्यांना ते ठाऊक असल्याचा अभिनय करावा लागतो.

पैशाचा प्रश्न आम्ही मुद्दामच मागे ठेवला आहे, जसा तो घरातही ठेवतो. अशा महाविद्यालयाचा राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च आता ८५ हजार डॉलरांच्या पुढे आहे. खरोखर गरीब कुटुंबातले मूल निवडले गेले तर ही श्रीमंत महाविद्यालये त्याला जवळजवळ फुकट शिकवतात, आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराने उत्पन्नाचे आकडे संगणकीय कोष्टकात भरले की जे उत्तर येते ते पाहून आम्ही एकदा घराचे हप्ते आणि निवृत्तीचा निधी यांची चर्चा रात्री दोनपर्यंत केली. तुलनेने रटगर्स, आमच्या राज्याचे विद्यापीठ, निम्म्याहून कमी खर्चाचे. १७६६ चे आहे, म्हणजे वयानेही या सर्व लहान महाविद्यालयांहून थोरले. तिथे ग्रीकही आहे आणि भूगर्भशास्त्रही. तिथला होकार हिवाळ्यातच आला. डेल आणि क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा एक अभ्यास पालकांत फार फिरतो : निवडक महाविद्यालयात प्रवेश मिळूनही जे दुसरीकडे गेले, त्यांचे पुढचे उत्पन्न निवडक ठिकाणी गेलेल्यांइतकेच भरले, अपवाद प्रामुख्याने गरीब घरांतल्या मुलांचा. "मग रटगर्स काय वाईट आहे?" असे साताऱ्याहून मामांनी विचारले तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. वाईट काहीच नाही. फक्त तिला ज्या खोलीत बसायचे आहे ती खोली दहा जणांची आहे, आणि ती खोली तिने पाहिली आहे. मागच्या वर्षी वसंतात आम्ही महाविद्यालये पाहत फिरत होतो, तेव्हा एका वर्गाच्या अर्ध्या उघड्या दारापाशी ती थांबली. आत सातआठ मुले आणि एक म्हातारे प्राध्यापक एकाच ओळीवर हुज्जत घालीत होते. वाट दाखवणारी मुलगी उलटी चालत चालत पुढे गेली, सगळे तिच्यामागून गेले, ही तिथेच. तिला हाक मारून आणावे लागले.

डिफर झालेल्यांना एक पानाचे पत्र पाठवण्याची मुभा असते. अजूनही इच्छा आहे, दरम्यान अमुक अमुक केले, असे त्यात लिहायचे. आमच्या मनात बऱ्याच 'अमुक' होत्या. तिने लिहिले की तिने एक जुने पाठ्यपुस्तक घेऊन ग्रीक स्वतःच सुरू केले आहे आणि क्रियापदांपाशी अडली आहे. आम्ही म्हटले, "अडली आहे असं कशाला लिहायचं?" ती म्हणाली, "कारण अडले आहे."

मार्चचा तिसरा आठवडा चालू आहे. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता संगणकावर येणार असे कळवले आहे. त्याच शनिवारी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आहे, आणि श्रीखंडाचे काम आमच्याकडे आहे; दही शुक्रवारीच टांगावे लागेल. मुलीने सांगून ठेवले आहे की ती आपल्या खोलीत एकटी उघडेल, आम्ही खालीच थांबायचे, जिन्यापाशी यायचे नाही. आणि काय असेल ते कळल्यावर आधी रविवारी आजीला सांगायचे, मग बाकीच्यांना. आजीला काही कळणार नाही, असे आमच्यापैकी एक बोलून गेला. ती म्हणाली, "म्हणूनच."